तोच काळा दगड

पनवेलमध्ये घर घ्यायला निघालेल्या माणसाला खोल्या नंतर दाखवतात, आधी अंतरं सांगतात. स्टेशन दहा मिनिटं, एक्सप्रेसवे पाच मिनिटं, विमानतळ तर काय, गॅलरीतून दिसेल. अटल सेतू झाल्यापासून मुंबईसुद्धा या अंतरांत जमा झाली आहे. जागा मोक्याची असली की बाकीचं मागाहून होतं, असा इथला सिद्धांत. पृथ्वीबद्दलही आपण शाळेत साधारण हेच शिकलो. सूर्यापासून पंधरा कोटी किलोमीटर. शुक्राइतकी जवळ नाही, मंगळाइतकी लांब नाही. म्हणून इथे पाणी आणि म्हणून इथे आपण. मोक्याचा प्लॉट मिळाला, विषय संपला.

पण मग चंद्राचं काय? त्याचा पत्ता तर आपलाच आहे. सूर्य त्याच्यापासूनही तितकाच दूर. तरी तो दिवसा शंभर अंशांच्या वर तापतो, रात्री शून्याखाली दीडशेच्याही पलीकडे जातो, आणि त्याच्या अंगावरून एक ओहोळ वाहत नाही. अंतराने फार तर संधी मिळते. संसार रोज चालवावा लागतो. पृथ्वी तो कसा चालवते हे बघायला पनवेलबाहेर जायची फारशी गरज नाही.

इथून पूर्वेला पाहिलं की प्रबळगड दिसतो, त्याला खेटून कलावंतिणीचा सुळका, मागे माथेरानचं लांबट पठार. दक्षिणेला गोव्याच्या रस्त्यावर कर्नाळ्याचा अंगठा. हे सगळं एकाच दगडाचं आहे: बेसॉल्ट, आपला काळा पत्थर. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा आला, पसरला, थिजला. त्यावर पुन्हा आला. थरावर थर बसत बहुतेक महाराष्ट्र त्याखाली गेला. मग आपण त्याच दगडात वेरूळ कोरलं, त्याचेच किल्ले बांधले, पाटे-वरवंटे केले, आणि आता तो फोडून रस्त्यांखाली घालतो आहोत. इतका ओळखीचा दगड की त्याच्याकडे बघावंसंही वाटत नाही.

1 मार्च 1982 रोजी व्हेनेरा 13 हे सोव्हिएत यान शुक्रावर उतरलं. तिथल्या उष्णतेत आणि दाबाखाली ते 127 मिनिटं टिकलं. तेवढ्या वेळात त्याने आजूबाजूच्या चपट्या, फरशांसारख्या खडकांची छायाचित्रं पाठवली आणि जमिनीत भोक पाडून नमुना तपासला. तो बेसॉल्टच्या जातीचा निघाला. मंगळावर फिरणाऱ्या गाड्यांच्या चाकांखालीही मुख्यतः बेसॉल्ट आणि त्याचीच वाळू आहे. लोणारचं विवर बेसॉल्टमध्ये पडलेलं म्हणून मंगळाचे अभ्यासक बुलढाण्याची वाट धरतात. म्हणजे तिन्ही शेजाऱ्यांची घरं एकाच दगडाची. दगडावरून भेद करू म्हटलं तर करता येत नाही.

भेद केला पावसाने.

कर्नाळ्याच्या वाटेवर पडलेला एखादा धोंडा फुटलेला दिसला तर जरूर बघावा. आतून काळाभोर, कोरा, आणि कडेने बोटभर तांबूस साल. ती साल म्हणजे पावसाने दगडाचा घेतलेला घास. हवेतला कार्बन डायऑक्साइड पावसाच्या थेंबात विरघळतो, थेंब किंचित आंबट होतो, आणि दगडातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम सोडवून घेतो. त्या व्यवहारात हवेतला कार्बन बायकार्बोनेट होऊन पाण्यात उतरतो. लोखंड मागे राहतं, गंजतं आणि माती लाल करतं. माथेरानला बुटांना लागते ती लाल माती म्हणजे या जुन्या व्यवहाराची शिल्लक. घाटातल्या कड्यांत काळ्या थरांमध्ये अधूनमधून विटकरी पट्टे दिसतात. दोन उद्रेकांच्या मधल्या विसाव्यात त्या काळचा लाव्हासुद्धा असाच भिजत, कुजत पडला होता, त्याच्या त्या खुणा.

पनवेलवर वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तोही मुख्यतः चार महिन्यांत. त्यातला कितीतरी गाढी नदीतून खाडीला जातो. जाताना गाळ नेतो हे सगळ्यांना दिसतं. विरघळलेला दगड नेतो हे दिसत नाही. पुढे समुद्रातले जीव ते कॅल्शियम आणि तो कार्बन उचलून कवचं करतात. मासळी बाजारात पाटीतून ओतल्या जाणाऱ्या तिसऱ्यांचा खळखळाट ऐकताना मला आता वेगळंच सुचतं. त्या शिंपल्यांत कुठल्यातरी डोंगराचा दगड आहे, आणि एके काळी हवेत असलेला कार्बनही आहे. ही कवचं तळाशी साचतात, त्यांचा चुनखडक होतो. हवेतला कार्बन असा दगडात कैद होत जातो.

ही कैद जन्मठेप झाली असती तर पृथ्वी कधीच गोठली असती. हवेतल्या वायूंची ऊब नसती तर तिचं सरासरी तापमान शून्याखाली 18 अंश असतं. पण सुटकेचीही सोय आहे. कोकणात पूर्वी शिंपले भट्टीत भाजून बांधकामाचा चुना करत. शिंपला तापला की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि चुना उरतो. समुद्रतळ सरकत सरकत दुसऱ्या भूपट्टाखाली खोल जातो तेव्हा तिथल्या चुनखडकाचंही तेच होतं, आणि तो वायू ज्वालामुखीतून पुन्हा हवेत येतो. 1981 मध्ये जेम्स वॉकर, पॉल हेज आणि जेम्स कास्टिंग या शास्त्रज्ञांनी या देवघेवीतली खरी गंमत मांडली. हवा तापली तर पाऊस वाढतो, दगड लवकर झिजतो, कार्बन जास्त उचलला जातो, आणि हवा निवते. हवा गारठली तर झीज मंदावते, ज्वालामुखी मात्र आपलं काम करतच राहतात, आणि ऊब परत येते. साडेचारशे कोटी वर्षांपूर्वी सूर्य आजच्यापेक्षा जवळजवळ 30 टक्के मंद होता. तो हळूहळू प्रखर होत गेला, तरी पृथ्वीवरचं पाणी अधूनमधूनच्या हिमयुगांतूनही टिकलं, यामागे मुख्यतः ही देवघेव असावी.

शुक्राचं इथेच बिनसलं. आकाराने तो पृथ्वीएवढाच. संध्याकाळी खाडीच्या बाजूला चमकतो तेव्हा त्याच्याइतकं देखणं आकाशात दुसरं काही नसतं. पण तिथे 465 अंशांची भट्टी आहे आणि हवेचा दाब आपल्या 90 पटींहून अधिक. त्या हवेत 96 टक्के कार्बन डायऑक्साइड. गंमत अशी की पृथ्वीजवळही साधारण तेवढाच कार्बन आहे. फक्त आपला चुनखडकात आणि इतर खडकांत दडलेला, शुक्राचा सगळा उघड्यावर. कारण तो दडवायला पाणी लागतं. आपल्याकडे वाफ वर चढते, वरच्या थंडीत गोठते आणि परत खाली येते. आकाश पाण्याला पळू देत नाही. शुक्रावर ही थंड झाकणी टिकली नाही. वाफ उंच गेली, सूर्याच्या अतिनील किरणांनी फुटली आणि हायड्रोजन अवकाशात निघून गेला. मागे राहिलेल्या जड हायड्रोजनचं प्रमाण आपल्यापेक्षा शंभरपटीहून अधिक आहे, त्यावरून गेलेल्या पाण्याचा माग लागतो. आजही शुक्रावर पाऊस पडतो, सल्फ्युरिक आम्लाचा. पण जमीन गाठण्याआधी वाटेतच त्याची वाफ होते. दगड कोरडाच.

मंगळाची गोष्ट उलट्या टोकाची. पत्रिकेत त्याचा केवढा दरारा, पण वजनाने बिचारा पृथ्वीच्या जेमतेम एक दशांश. लहान म्हणून आतून लवकर निवला. त्याच्यावर कधीकाळी नद्या होत्या. 2021 मध्ये पर्सिव्हिअरन्स यान ज्या जेझेरो विवरात उतरलं, तिथे एका आटलेल्या नदीने साचवलेला त्रिभुज प्रदेश आहे. म्हणजे तिथला दगड भिजला होता. पण भूपट्ट सरकेनात, ज्वालामुखी थंडावत गेले, कैदेत गेलेला कार्बन सुटेना. त्यातच पोटातल्या वितळलेल्या लोखंडावर चालणारं त्याचं चुंबकीय क्षेत्र विझलं आणि सूर्याकडून येणारा कणांचा वारा थेट हवेवर आदळू लागला. सप्टेंबर 2014 मध्ये अमेरिकेचं मेवन आणि आपलं मंगळयान दोन-तीन दिवसांच्या अंतराने तिथे पोचले. मेवनने मोजलं: आजही मंगळाची हवा सेकंदाला सुमारे 100 ग्रॅम या वेगाने निसटते आहे. दोन छटाकही नाही. पण गळती कोट्यवधी वर्षं चालू राहिली की घर रिकामं होतं.

आपलं चुंबकीय क्षेत्र कसं आहे याची विचारपूस करणारी कचेरी पनवेलमध्येच आहे. भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं मुख्यालय नवीन पनवेलला आहे. तिचं मूळ कुलाब्याच्या वेधशाळेत. सप्टेंबर 1859 मध्ये सूर्यावरून आलेलं प्रचंड चुंबकीय वादळ तिथल्या नोंदवह्यांत उतरलं. क्षितिजसमांतर बल सुमारे 1600 नॅनोटेस्लांनी कोसळल्याचे आकडे आजही जगभर अभ्यासले जातात. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर वेधशाळेचे प्रमुख नानाभाई मूस यांनी 1904 मध्ये मोजमापं अलिबागला हलवली, ट्रामच्या विजेपासून दूर. तिथे आजही काटे हलतात, नोंदी होतात. अर्थात नुसतं चुंबकीय क्षेत्र असलं म्हणजे झालं असं नव्हे. शुक्राला ते नाही, तरी त्याची हवा जाडजूड आहे. राहण्याजोगेपणाचं श्रेय एकट्याला देऊ गेलं की कुणीतरी शेजारी उठून साक्ष फिरवतो.

आणि पायाखालचा दगड स्वतःही ही नोंद ठेवून आहे. लाव्हा थिजताना त्यातल्या लोहकणांनी त्या वेळचं चुंबकीय क्षेत्र टिपलं. 1950च्या दशकात दख्खनच्या दगडांतलं ते चुंबकत्व मोजलं गेलं, तेव्हा कळलं की लाव्हा ओतला जात असताना ही भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती. आपण दगडावर बसून इथवर आलो आहोत. त्या प्रवासात जे तुटलं त्याची खूण पनवेलच्या नावाने ओळखली जाते. घाटमाथ्यावर लाव्ह्याचे थर जवळजवळ आडवे आहेत; इकडे कोकणात येताना ते समुद्राकडे कलतात, वाकतात. भूशास्त्राच्या पुस्तकांत या बाकाला 'पनवेल फ्लेक्शर' म्हणतात. सेशेल्सची बेटं भारतापासून फाटून दूर गेली त्या घडामोडींशी अनेक भूवैज्ञानिक तो जोडतात. गावाचं नाव असं जगभर गेलं, आणि गावात त्याचा पत्ताही नाही. मला मात्र तो बाक फार मोलाचा वाटतो. जिथे कवच फाटतं, सरकतं, खाली जातं आणि वर येतं अशा पृथ्वीवर आपण आहोत, म्हणून दगडात गेलेला कार्बन परत हवेत येतो. शुक्र आणि मंगळ यांच्यावर आज असं सरकणारं कवच नाही.

या सगळ्या जमाखर्चात ज्वालामुखी वर्षाला जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतात, त्याच्या सुमारे शंभरपट आपण कोळसा, तेल आणि गॅस जाळून सोडतो. दगड तो पचवेल, यात शंका नाही; पण त्याला लाखभर वर्षं लागतील. मध्य भारतात भातखाचरांत बेसॉल्टची भुकटी पसरून ही झीज लवकर घडवता येते का, असे प्रयोग सुरू आहेत. पनवेलच्या खाणींत क्रशरखाली अशी भुकटी रोज निघते, तिचं काही व्हावं असं मलाही वाटतं. तरीही ती कामाला हातभार लावेल, आपलं काम करणार नाही. शंभरपटीतला आकडा आपल्या बाजूनेच उतरायला हवा.

बाकी पावसाबद्दल तक्रार करायचा हक्क मी सोडलेला नाही. जुलैत इथे भिंतींना ओल येते, पुस्तकांना बुरशी लागते, पापड सादळतात आणि दोरीवरचे कपडे दिवसेंदिवस दमटच राहतात. शुक्रावर तेच कपडे डोळ्यांदेखत जळून जातील. मंगळाच्या विरळ हवेत त्यातलं पाणी बघता बघता उडेल. सूर्यमालेतल्या या तीन काळ्या दगडांपैकी कपडे वाळत नाहीत अशी तक्रार करता येते ती एकाच दगडावर, आणि तक्रार करायला माणूसही तिथेच आहे.