वासाची थट्टा: लुटेफिस्क, बोंबील आणि गोंदियाचा बाजार

१/ गोंदिया हा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाने बांधलेले मालगुजारी तलाव, नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय आणि त्यांत पिढ्यान्‌पिढ्या जाळे टाकणारे ढिवर ही त्याची ओळख. तरीही येथील आठवडी बाजाराच्या एका टोकाला समुद्राचा वास येतो. मुंबईपासून रेल्वेने साडेनऊशे किलोमीटरांहून दूर असलेल्या या भूमीत सुके बोंबील आणि सुकट विकली जाते.

२/ यामागचे शास्त्र साधे आहे. माशातील पाणी गेले की कुजविणाऱ्या जिवाणूंचे काम थंडावते. बर्फ दुर्मीळ होता तेव्हा ऊन आणि मीठ हेच गरिबांचे शीतगृह होते. धानाच्या रोवणीच्या दिवसांत, भाजीचा तुटवडा असताना, मूठभर सुकट, कांदा आणि तिखट एवढ्यावर भाताचे जेवण निभावते.

३/ नॉर्वेच्या लोफोटेन बेटांवर हेच काम थंड वारा करतो. तेथे कॉड मासा लाकडी मांडवांवर टांगून मिठाशिवाय वाळवितात. हा काठीसारखा कडक मासा आधी पाण्यात, मग क्षाराच्या द्रावणात आणि पुन्हा कित्येक दिवस स्वच्छ पाण्यात भिजविला की लुटेफिस्क तयार होतो. पूर्वी हा क्षार लाकडाच्या राखेतून मिळे. शिजल्यावर मासा जेलीसारखा थरथरतो. स्वीडिश धर्मगुरू ओलाउस माग्नुस यांच्या १५५५ च्या ग्रंथात क्षारात मासा भिजविण्याची नोंद आहे.

४/ नॉर्वेजियन लोक अमेरिकेत गेले, तेव्हा हा पदार्थ आणि त्यावरची थट्टा दोन्ही सोबत गेली. त्यांच्यातच एक विनोद रूढ आहे: अर्धे लोक लुटेफिस्कपासून सुटका व्हावी म्हणून देश सोडून आले आणि उरलेले अर्धे त्याचा प्रसार करण्यासाठी!

५/ मिनेसोटातील मॅडिसन हे गाव स्वतःला लुटेफिस्कची राजधानी म्हणविते. तेथे कॉड माशाचा भव्य पुतळा आहे. विस्कॉन्सिन राज्याने तर कामगारांना विषारी द्रव्यांची माहिती देण्याच्या कायद्यात ‘विषारी द्रव्या’च्या व्याख्येतून लुटेफिस्कला नाव घेऊन वगळले आहे. थट्टा थेट कायद्याच्या कलमात जाऊन बसली.

६/ आपल्याकडची प्रसिद्ध थट्टा म्हणजे ‘बॉम्बे डक’. डाकगाडीतून बोंबील जात, त्यांच्या वासाने डबे भरत, म्हणून ‘बॉम्बे डाक’, अशी कथा सांगतात. परंतु भारतातील पहिली प्रवासी रेल्वे १८५३ ची. मुंबईकडील इंग्रजांना ‘डक्स’ म्हटल्याचा दाखला मात्र माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या १८०३ च्या लेखनात मिळतो, आणि १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशानुसार हे टोपणनाव या माशावरूनच पडलेले दिसते. डाकगाडीची कथा रंजक खरी, पण इतिहास नव्हे.

७/ येथे विचार करण्याजोगी गोष्ट आहे. राज्यकर्त्या इंग्रजाला बोंबलाचे नाव मिळाले, ते गमतीचे बिरुद ठरले. तोच मासा टोपलीत घेऊन बसणाऱ्या बाईला मात्र वासावरून नाके मुरडलेली पाहावी लागली. मासा एकच, वासही एकच. थट्टेचा अर्थ मात्र ती सोसणाऱ्याच्या समाजातील स्थानाने ठरला.

८/ नॉर्वेजियन माणूस लुटेफिस्कवर हसतो आणि नाताळात तोच मासा लोण्यासह आवडीने खातो, कारण त्या वासामुळे त्याला कोणी घर नाकारत नाही. भारतात अन्नाच्या वासाला जातीची आणि गरिबीची ओळख चिकटलेली आहे. म्हणून नागपूर-पुण्याला शिकायला गेलेला गोंदियाचा मुलगा घरून आलेल्या सुकटीच्या चटणीचा डबा सर्वांसमोर उघडताना दोनदा विचार करतो.

९/ लपविलेल्या अन्नाचा इतिहास लिहिला जात नाही. मिनेसोटाच्या चर्चमध्ये लुटेफिस्कची सामुदायिक जेवणे होतात, त्यामुळे ती कृती आणि त्या आठवणी टिकल्या. झाडीपट्टीतील सुकटीची चटणी कोणी कशी भाजली, बाजारात ती कोण आणत असे, हे बहुतांशी आजीच्या स्मरणातच आहे. इतिहासाची आवड असणाऱ्या तरुणांनी ते विचारून वहीत उतरवून ठेवावे. आजी सांगताना हसली, तर तेही लिहावे.