पद आणि पुरुष

ज्याच्या हाती लोक विश्वासाने आपली लेकरे सोपवितात, त्याच्या अधिकाराला मर्यादा कोणती, हा प्रश्न शिक्षकाचा जन्म काढलेल्या मजसारख्यास परका वाटत नाही. म्हणूनच ख्रिस्ती चर्चमधील प्रकरणांकडे केवळ परधर्मीयांची गोष्ट म्हणून मला पाहवत नाही.

२००२ साली बोस्टन येथील एका वर्तमानपत्राने धर्मगुरूंनी मुलांवर केलेले अत्याचार व वरिष्ठांनी त्यांवर घातलेले पांघरूण उघडकीस आणिले. त्याच वर्षाअखेर तेथील आर्चबिशप कार्डिनल लॉ यांस पद सोडावे लागले.

येथे एक जुना वाद स्मरतो. चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेतील डोनाटिस्ट पंथ म्हणे, छळाच्या काळी धर्मभ्रष्ट झालेल्या पुरोहिताने दिलेला संस्कार व्यर्थ होय. त्यावर संत ऑगस्टीन यांचे उत्तर असे, की संस्कार ख्रिस्ताचा. देणाऱ्याच्या पापाने तो विटाळत नाही. या उत्तराने भाविकास दिलासा मिळाला, हे योग्यच झाले. परंतु पद पवित्र, तस्मात् पुरुषही निर्दोष, असे अनुमान त्यातून निघत नाही. पोप फ्रान्सिस यांनीही २०१८ च्या ऑगस्टमधील पत्रात या पुरोहितशाहीसच दोष दिला, आणि २०१९ च्या डिसेंबरात अशा खटल्यांवरील धर्मपीठीय गुप्ततेचे बंधन काढिले.

आपल्या घरांतही पूज्य माणसे येतात. एखादे मूल त्यांच्याविषयी भीत भीत काही सांगू लागले, तर ‘ते थोर आहेत’ म्हणून त्याचे तोंड मिटवू नये. प्रथम त्याचे ऐकावे.