उसवलेल्या ओळी

अब्बांनी आयुष्यभर यंत्रमागावर चादरी विणल्या, पण आमच्या घरात पांघरायला गोधडीच असायची. चादर ही विकायची वस्तू होती. 1877 साली सुरू झालेल्या जुन्या मिलपासून सोलापूरनं गावोगाव कापड पुरवलं. आम्ही विणकराची मुलं मात्र अम्मीच्या जुन्या साड्यांखाली झोपलो.

अब्बा गेल्यावर अम्मीनं एक गोधडी शिवायला घेतली. आत अब्बांच्या तीन लुंग्या, वर-खाली तिच्या सुती साड्या. गोधडी अर्ध्यावर आली आणि काचबिंदूनं तिची नजर गेली. दोन वर्षं ती तशीच ट्रंकेत पडून होती. गेल्या हिवाळ्यात मी म्हणालो, ‘‘मी पुरी करतो.’’

अम्मी हसली. ‘‘सुई पकडनी आती क्या रे तेरेकू?’’

नव्हतीच येत. धावदोरा म्हणजे सर्वांत सोपा टाका, असं मला वाटायचं. पण पाच थरांतून सुई न्यायची, तर डावा हात गोधडीखाली लागतो. सुईचं टोक बोटाला टोचलं की ती आरपार गेली, एवढीच खूण. अंगुस्तान घालूनही बोटं सोलली. शिवण कडेनं सुरू होते आणि चौकोनी फेरे घेत आत सरकते. प्रत्येक फेऱ्याआधी तळव्यानं कापड सारखं केलं नाही, तर सगळी चूण मधे गोळा होते. गाठ वर दिसू द्यायची नाही, थरांत दडवायची. हे सगळं अम्मी पलंगावर बसून सांगायची आणि रात्री बोटांनी माझं काम तपासायची.

एका रविवारी काही ओळी फार वाकड्या दिसल्या. माझेच सुरुवातीचे टाके असणार, असं समजून मी ब्लेडनं त्या उसवल्या. रात्री अम्मीची बोटं तिथं येऊन थांबली.

‘‘वो तो मैं मारी सो टाके थे रे.’’

मी गप्प. ती रागावली नाही. ‘‘अब उधेड नक्को,’’ एवढंच म्हणाली.

ती झोपल्यावर दिव्याखाली गोधडी पसरली. दोरा गेला होता, पण सुईची भोकं कापडात तशीच होती. कडेपासून आत पाहत गेलो. बाहेरचे फेरे पट्टीनं आखल्यासारखे सरळ. मग एक ओळ किंचित कलली. पुढची जास्त. त्यापुढच्या ओळी तर एकमेकींवर चढलेल्या.

काचबिंदू सहसा दुखत नाही. बहुतेकदा आधी कडेची नजर जाते, आणि गेलेली परत येत नाही. अम्मी दाराच्या चौकटीला धडकायची, तेव्हा आम्ही ‘‘जरा बघून चाल’’ म्हणायचो. दवाखान्यात नेलं तेव्हा फार उशीर झाला होता. आणि इथं, आमच्या डोळ्यांसमोर, महिनोन्‌महिने तिची नजर ओळीओळीनं कमी होत असल्याची नोंद होत होती. घरात कुणी गोधडी उलगडून पाहिली नाही.

त्या ओळी मी पुन्हा घातल्या, त्याच भोकांतून, तशाच वाकड्या. सरळ टाक्यापेक्षा ते कठीण निघालं.

गोधडी अजून पुरी व्हायची आहे. मधे वीतभर जागा उरलीय. अम्मी रोज विचारते, कुठवर आलं? मी तिचा हात धरून तिथं नेतो. माझ्या चाळिशी ओलांडलेल्या भावाबहिणींना मात्र एक गोष्ट सांगून झालीय: वर्षातून एकदा डोळ्यांचा दाब तपासून घ्या. काचबिंदू घराण्यात उतरतो. माझी तपासणी पुढच्या सोमवारी आहे.