प्रातोच्या शेटजींचा वाडा

फ्लॉरेन्सला गेलेला आपला माणूस सहसा प्रातोला जात नाही. त्याला मायकेल एंजेलोचा डेव्हिड, तो प्रसिद्ध घुमट आणि चामड्याच्या पिशव्यांचा बाजार एवढे सारे मोजक्या दिवसांत उरकायचे असते. आम्हीही तेच केले. पण शेवटच्या दिवशी सकाळपासून पाऊस लागला, चित्रे पाहून पाहून आमच्या सौभाग्यवतींची मान आखडली होती, तेव्हा मी म्हटले, "चल, तुला एका शेटजींचा वाडा दाखवतो. सहाशे वर्षांपूर्वीचा."

"पुन्हा चित्रंच ना?"

"छे! हिशेबाच्या वह्या."

यावर तिने माझ्याकडे कसे पाहिले ते विवाहित वाचकांना सांगायला नको.

प्रातो फ्लॉरेन्सपासून अठरा किलोमीटरवर आहे. आगगाडीने अर्धा तास पुरतो. गाव मूळचे कापडवाल्यांचे आणि आजही कापडवाल्यांचेच. फक्त आता तिथल्या कितीतरी कारखान्यांचे मालक आणि कामगार चिनी आहेत. रस्त्यावर इटालियनइतकीच चिनी बोली कानावर पडते. शेटजी आज असते तर त्यांना यात काही वावगे वाटले नसते. 'माल कुठला आणि भाव काय' एवढेच त्यांनी विचारले असते.

या शेटजींचे नाव फ्रांचेस्को दि मार्को दातिनी. वाडा गावाच्या मध्यावर, दोन अरुंद गल्ल्यांच्या कोपऱ्यावर आहे. बाहेरच्या भिंतींवर एके काळी त्यांच्या आयुष्यातले प्रसंग रंगवलेले होते. आता काही फिकट रेषा आणि डाग तेवढे उरले आहेत. आत शिरताच भिंतीवर प्रवाशांचा पाठीराखा संत ख्रिस्तोफर भेटतो. तळमजल्यावरच्या एका खोलीत चारी भिंतींवर झाडे आणि पाखरे रंगवली आहेत. ही कामे करणाऱ्या चित्रकारांशी शेटजींनी बिलावरून भांडण केले होते. हे भांडण आपल्याला ठाऊक आहे, कारण या माणसाने आयुष्यात कागदाचा एक कपटा फेकला नाही. मरताना मृत्युपत्रात लिहून ठेवले की माझे सारे कागद या घरातच राहू द्या. ते राहिले, आणि पुढे लोक विसरून गेले. १८७० साली जिन्याखालच्या एका अंधाऱ्या कोनाड्यात ती पोती सापडली. जवळजवळ दीड लाख पत्रे, पाचशेहून अधिक हिशेबाच्या वह्या, शिवाय विम्याचे करार, हुंड्या, भागीदारीचे कागद. उंदरांनी आणि कसरीने थोडेबहुत खाल्ले होते. बाकी सगळे शाबूत.

मध्ययुगीन युरोप म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे राजे, सरदार, चिलखते आणि धर्मयुद्धे येतात. इथे चिलखतेही आहेत, पण विक्रीची!

फ्रांचेस्कोचा जन्म १३३५ च्या सुमाराचा. बाप साधा दुकानदार, खाणावळवाला. १३४८ च्या महामारीत आईबाप आणि दोन भावंडे गेली. पंधरा वर्षांचे हे पोर उठले आणि आविन्योंला गेले. तेव्हा पोप रोमला नसून तिथे राहत होते, आणि जिथे पोप तिथे पैसा. तिथे त्याने शस्त्रे विकली, चिलखते विकली, मीठ, मसाले, कापड, देवादिकांची चित्रे, जे खपेल ते विकले. तीस-बत्तीस वर्षांनी गबर होऊन तो प्रातोला परतला. पुढे पिसा, फ्लॉरेन्स, जिनोव्हा, बार्सेलोना, व्हॅलेन्सिया, मायोर्का अशा त्याच्या पेढ्या झाल्या. इंग्लंडची लोकर येई, आणि पूर्वेकडून मिरी. त्या मिरीचा उगम आपल्या मलबारात होता, एवढे मी सौभाग्यवतींना अभिमानाने सांगून घेतले.

एका वहीपाशी मात्र तीच थांबली. वहीच्या माथ्यावर लिहिलेल्या ओळीचा अर्थ होता, देवाच्या आणि नफ्याच्या नावाने. "हे तर आपलं शुभ-लाभ!" ती म्हणाली. दिवाळीत वहीपूजनाला आमच्या सासुरवाडीच्या दुकानात गादीमागे कुंकवाने हेच शब्द काढलेले मी पाहिले आहेत. युरोपचे पंडित या ओळीवर मोठमोठे विवेचन करतात, त्यात त्यांना धर्म आणि स्वार्थ यांचा विलक्षण संगम दिसतो. आम्हां दोघांना ते अगदी घरचे वाटले.

देवाला शेटजी विसरत नसत. १३९९ साली पापक्षालनासाठी पांढरी वस्त्रे घालून अनवाणी निघालेल्या मिरवणुकांची लाट इटलीभर पसरली होती. साठी उलटलेले शेटजीही घरची आणि पेढीची बारा माणसे घेऊन नऊ-दहा दिवसांच्या त्या वारीला निघाले. मांस वर्ज्य. पण बरोबर दोन घोडे आणि एक खेचर होते, आणि त्यांच्यावर मिठाईचे डबे, तऱ्हेतऱ्हेचे चीज, ताजा पाव आणि बिस्किटे लादलेली. अनवाणी मात्र खरेच चालले.

आता शेटाणींकडे वळतो. कारण त्या वाड्यात मला खरे गुंतवून ठेवले ते त्यांनी.

मार्गेरिता बान्दीनीशी फ्रांचेस्कोचे लग्न १३७६ साली आविन्योंला झाले. तो चाळिशीचा, ती विशीच्याही आतली. तिच्या बापाला फ्लॉरेन्समध्ये राजद्रोहाच्या आरोपावरून मृत्युदंड झालेला. घर उघड्यावर आलेले. मूल काही झाले नाही. प्रातोला परतल्यावर नवरा धंद्यासाठी पिसाला, मग फ्लॉरेन्सला राहू लागला आणि बायको या वाड्यात. दोघांमध्ये अठरा किलोमीटर. खेचरावरून पाव, अंडी आणि धुतलेले कपडे जात. मळके कपडे परत येत. आणि बरोबर पत्रे. काही दिवस तर रोज. शेटजींची पत्रे म्हणजे सूचनांची यादी. खेचराला पाणी दाखव. दारूच्या पिंपाकडे लक्ष ठेव. पीठ दळायला पाठव. दाराला कुलूप लाव. रात्री दिवे कोण विझवतो ते पाहा.

मार्गेरिता उत्तरे देई, आणि ती काही गरीब गाय नव्हती. मी कोणी पोरगी नाही, माझ्या आईकडून माझ्या अंगात घेरार्दीनींचे कुलीन रक्त आहे, हे तिने एकदा स्पष्ट सुनावले. तुम्ही उपदेश चांगला करता आणि वागता उलटे, हेही कळवले. पण अडचण अशी की हे सगळे तिला पेढीवरच्या कारकुनाला सांगून लिहवून घ्यावे लागे. नवऱ्यावरचा राग, मूल नसल्याचे दुःख, जे म्हणायचे ते आधी परक्या पुरुषाच्या कानातून जायचे.

मग तिशी उलटून गेल्यावर ही बाई लिहायला शिकली. चूल, दासदासी, धान्याची कोठारे सांभाळून अक्षरे गिरवू लागली. शेटजींचे स्नेही, नोटरी सेर लापो मात्सेई यांनी तिचे कौतुक केले आहे: ज्या वयात लोक शिकलेले विसरू लागतात, त्या वयात ही शिकली! तिच्या हातची काही पत्रे टिकली आहेत. अक्षर वेडेवाकडे, ओळ चढत जाणारी. त्याची प्रतिकृती समोर होती आणि मी पुढे सरकत होतो. सौभाग्यवती हलेनात.

"का शिकली असेल हो?"

"हुशार होती," मी म्हटले.

"तुम्ही भिलाईहून मला काय पाठवत होतात?"

"पत्रं."

"कार्डं," ती म्हणाली. "पंधरा पैशांचं कार्ड. पोस्टमन वाचायचा, मामंजी मोठ्यानं वाचायचे, मग जाऊबाई वाचायच्या, आणि मग मला मिळायचं. त्यात काय, तर बाळ्याला डोस द्या आणि गॅसचा नंबर लावा."

मी काही बोललो नाही. पाकिटाला तेव्हा कितीसे जास्त पडत होते, ते मला आठवेना.

याच वाड्यातली आणखी एक गोष्ट आहे, आणि ती शेटजींच्या गुणांत बसत नाही. महामारीने माणसे इतकी मेली की घरकामाला हात मिळेनात, म्हणून फ्लॉरेन्सने १३६३ साली परधर्मी गुलाम आणायला परवानगी दिली. काळ्या समुद्राकाठून तार्तार मुली जिनोव्हा-व्हेनिसच्या बाजारात येत. लोकरीच्या गाठोड्यांप्रमाणे त्यांचीही कागदपत्रे होत. शेटजींनी अशा आठ-दहा वर्षांच्या मुली पत्र पाठवून मागवल्या आहेत. घरातल्या लुचिया नावाच्या वीस वर्षांच्या दासीपासून त्यांना १३९२ साली मुलगी झाली, जिनेव्रा. लुचियाचे घरच्याच एका नोकराशी लग्न लावून दिले. लुचियाला काय वाटले याचे एकही पत्र त्या दीड लाखांत नाही. जिनेव्रा सहा वर्षांची झाल्यावर मार्गेरिताने तिला वाड्यात आणले, पोटच्या लेकीसारखी वाढवली, तिचे नवे कपडे शिवले, आजारपणे काढली. १४०७ साली थाटाने तिचे लग्न झाले.

शेटजी १४१० च्या ऑगस्टात वारले. सुमारे सत्तर हजार सोन्याचे फ्लोरिन त्यांनी गावच्या गरिबांसाठी ठेवले, आणि एक हजार फ्लॉरेन्समध्ये टाकलेल्या मुलांच्या आश्रमासाठी. ब्रुनेलेस्कीने बांधलेला तो आश्रम आदल्याच दिवशी आम्ही बाहेरून पाहून, खांब छान आहेत असे म्हणून, पुढे गेलो होतो.

शेटजींची समाधी प्रातोच्या सान फ्रांचेस्को चर्चमध्ये वेदीसमोर आहे. आम्ही गेलो, दोन मिनिटे उभे राहिलो. "आणि तिची?" सौभाग्यवतींनी विचारले.

मार्गेरिता मागे तेरा वर्षे होती. ती फ्लॉरेन्सला जिनेव्राजवळ जाऊन राहिली, १४२३ साली गेली, आणि तिला सान्ता मारिया नोव्हेल्लात पुरले.

"म्हणजे पुन्हा अठरा किलोमीटर."

पाऊस थांबला होता. स्टेशनवर परतीच्या गाडीची पाटी लागली होती. फ्लॉरेन्सच्या मोठ्या स्टेशनचे नाव शेजारच्या त्याच चर्चवरून ठेवले आहे, त्यामुळे पाटीवर लिहिले होते: सान्ता मारिया नोव्हेल्ला. गाडीत बसल्यावर सौभाग्यवतींनी पिशवीतून वाड्यात घेतलेले चित्राचे कार्ड काढले, मुलीला चार ओळी लिहिल्या, आणि माझ्याकडे हात पुढे केला.

"पाकीट आहे का तुमच्याजवळ?"