दोन पावलं पुढं

गडहिंग्लजला फुटबॉलचं वेड जुनं. शेजारच्या खेड्यातनं आम्ही पोरं सायकलीवरनं तिथं खेळायला जायचो. मी अंगानं किरकोळ. बॉल पायात आला की मागनं धिप्पाड बॅक यायचा आणि मी मातीत. आता खेळणंच सोडावं, असं वाटायला लागलं होतं.

वडील गेल्यावर दादानं बूट खुंटीला टांगले होते. एकदा धार काढता काढता तोच म्हणाला, "उभा राहून बॉलची वाट बघतोस, म्हणून मार खातोस. आधी बॉलकडं दोन पावलं पळ. त्यो मागनं येतोय. आला की गपकन वळ आन् त्याच्या पाठीमागं सूट. त्यानं सोडलेली जागा तुझी हाय, लेका."

(1974 च्या विश्वचषकात क्रायफनं स्वीडनच्या ओल्सनला पास देतोय असं भासवून बॉल मागं ओढला, ते मी फार पुढं बघितलं. चकवायची रीत तीच.)

पुढच्या मॅचला दोन पावलं पळालो. बॅक आला. वळलो. समोर नुसतं मैदान! गोल बाहेर मारला, ते सोडा. कडेला बघितलं, तर दादा सायकलला दुधाचा कॅन अडकवून उभा. डेअरीची वेळ टळून गेलेली.