अश्रूंची वाटणी

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी अनेकांच्या घरी आज चौदा ते सतरा वर्षांची मुले असतील. स्वतःचा अभ्यास सांभाळून तुम्ही त्यांच्याही वह्या चाळत असाल. म्हणूनच एका अवघड विषयाकडे तुमचे लक्ष वेधावेसे वाटते. किशोरवयात मनात येणारे आत्महत्येचे विचार आणि त्यांबाबत मुलगा व मुलगी यांच्यात दिसणारा फरक, हा तो विषय होय.

जगातील बहुतेक देशांत असे आढळते, की आत्महत्येचे विचार आणि प्रयत्न मुलींमध्ये अधिक असतात. मृत्यू मात्र मुलग्यांचे अधिक होतात. भारतात २०२२ साली आत्महत्येने झालेल्या १,७०,९२४ मृत्यूंची नोंद झाली. त्यांत सुमारे ७२ टक्के पुरुष होते. परंतु अठरा वर्षांखालील वयोगट वेगळा पाहिला, तर मुलींची संख्या मुलग्यांहून जास्त दिसते.

एखाद्या आत्महत्येचे कारण कधीच एक नसते. तरीही या आकड्यांमागे मला आपल्या घरातील भाषा ऐकू येते. गुडघा फुटलेल्या मुलाला आपण म्हणतो, ‘मुलगा असून रडतोस?’ तो रडणे थांबवतो, दुःख थांबत नाही. पुढे ते राग किंवा अबोला होऊन बाहेर येते आणि आपण वयाला दोष देतो. मुलीला रडण्याची मुभा असते. पण सुटलेली शाळा, लवकर ठरवलेले लग्न, घरातील मारहाण यांविषयी ती बोलू लागली, की ‘लोक काय म्हणतील’ हा प्रश्न पुढे येतो. जीव नकोसा झाला असे तिने सांगितले, तर ‘नाटक करते’ म्हणणारेही भेटतात.

विचारल्याने मुलांच्या मनात आत्महत्येचा विचार रुजतो, ही भीती निराधार आहे. शांतपणे, थेट विचारावे : ‘तुला जगणे नकोसे वाटते का?’ उत्तर ‘हो’ आले, तर उपदेश न करता ऐकावे, त्याला किंवा तिला एकटे सोडू नये आणि डॉक्टरांकडे न्यावे. ‘टेली मानस’ या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र उपलब्ध असतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने, असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले आहे. त्यामुळे शिक्षेच्या धास्तीने उपचार लांबवू नयेत.

मुलगा असो वा मुलगी, गुणपत्रिकेआधी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहावे, एवढीच आपणांस विनंती.