कळंबची लादी, अंटार्क्टिकाची डायरी

वीकएण्डला कर्जत म्हटलं की काय आठवतं? धबधबा, फार्महाऊस, स्विमिंग पूल आणि सोमवारी ऑफिसात दाखवायचे फोटो. एकदा जरा हटके करून बघा. कर्जतच्या आधी नेरळलाच उतरा, माथेरानच्या गर्दीकडे पाठ फिरवा आणि कळंबची टमटम पकडा. उल्हास नदी ओलांडली की दोन्ही बाजूंना भातखाचरं सुरू होतात. मागे माथेरानचा डोंगर, समोर भीमाशंकरची रांग. ऑक्टोबरच्या सुरुवातीला हे सगळं हिरवं-पिवळं असतं आणि ऊन... बॉस, ऊन अक्षरशः चटके देतं!

म्हणून कळंबच्या नाक्यावर उतरल्या उतरल्या मी आधी लिंबूसरबत मागितलं. दुकानदाराने गोणपाट बाजूला केलं, भुसा झटकला आणि बर्फाची लादी टोकदार सळीने फोडायला घेतली. ही लादी कधी नीट बघितली आहेत? कडेला काचेसारखी, मधोमध दुधाळ. कारखान्यात डब्यातलं पाणी बाहेरून आत गोठत जातं. पाण्यात विरघळलेली हवा आत आत ढकलली जाते आणि शेवटी मध्यभागी अडकते. तो पांढरेपणा म्हणजे नुसते बारीक बुडबुडे.

क्लायमेट चेंजचा अर्धा फंडा असल्याच बुडबुड्यांत दडलाय. फक्त ते असतात अंटार्क्टिकात, आणि तिथे ते वेगळ्या पद्धतीने तयार होतात. तिथे बर्फ पडतो, वितळत नाही, त्यावर पुन्हा बर्फ पडतो. वरच्या वजनाने खालचे थर दाबले जातात आणि दोन कणांमधली हवा कायमची कैद होते. म्हणजे त्या त्या काळातल्या हवेचं सीलबंद सँपलच! युरोपियन शास्त्रज्ञांनी तिथे तीन किलोमीटरहून खोल भोक पाडून ८ लाख वर्षांचा बर्फ वर काढला. जानेवारी २०२५मध्ये दुसऱ्या एका भोकातून १२ लाख वर्षांपर्यंत मागे नेणारा बर्फ हाती लागला. बर्फातल्या जड आणि हलक्या ऑक्सिजनच्या प्रमाणावरून तेव्हा किती थंडी होती ते कळतं, आणि बुडबुड्यांवरून हवेत कार्बन डायऑक्साइड किती होता ते. गेल्या ८ लाख वर्षांत हा आकडा दर दहा लाख भागांत साधारण ३००च्या वर गेला नव्हता. आज तो ४२०च्या पुढे आहे.

यासाठी परदेशच गाठायला हवा असंही नाही. गोव्यात वास्कोला, हेडलँड सडा भागात, आपली राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन संस्था आहे. बीच-शॅकच्या गोव्यात उणे २० अंशांवर चालणारी बर्फाची प्रयोगशाळा! मैत्री आणि भारती ही अंटार्क्टिकातली आपली स्टेशनं, आर्क्टिकमधलं हिमाद्री आणि स्पितीतलं हिमांश, या सगळ्यांचा कारभार इथूनच चालतो.

आता तुम्ही म्हणाल, याचा कळंबशी काय संबंध? मलाही तोच प्रश्न होता. नाक्यापासून थोडं आत एका बांधावर एक काका आडव्या पडलेल्या भाताकडे बघत उभे होते. हळवं भात, कापणीला आलेलं. "ताई, पाऊस कमी पडला तर तोंड द्यायला येतं," ते म्हणाले. "पण भात पिकल्यावर पडला तर काय करायचं? कापावं तर भिजतंय, ठेवावं तर कोंब येतात." त्यांनी एक लोंबी हातावर चोळून दाखवली. दाण्याला खरंच पांढरा कोंब फुटला होता. वर्षभराचं खाणं असं शेतातच उगवायला लागलेलं. मला बोलायला काही सुचलं नाही.

गोव्याच्या त्याच संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०२१मध्ये एक शक्यता मांडली. रशियाच्या उत्तरेला कारा समुद्र आहे. तिथला उन्हाळी बर्फ कमी झाला की मध्य भारतात सप्टेंबरमध्ये अतिवृष्टीची शक्यता वाढते. पांढरा बर्फ ऊन परत फेकतो, उघडं काळं पाणी ते गिळून बसतं. तिथे साठलेल्या उष्णतेने वरच्या हवेचे प्रवाह बदलतात, आणि तापलेला अरबी समुद्र इकडे बाष्प पुरवतो. आर्क्टिकमधला सप्टेंबरचा बर्फ १९७९पासून दर दशकाला सुमारे १२ टक्क्यांनी घटतोय. आता काकांचं भात त्याच बर्फामुळे पडलं असं कोणी म्हणत नाहीये, मीही नाही. अभ्यास मध्य भारताचा आहे, कोकणातल्या एका खाचराचा नाही. पण पावसाचं टाइमटेबल फक्त अरबी समुद्रात ठरत नाही, एवढं मात्र खरं.

उल्हासचा पूर इथल्या लोकांना नवा नाही. २६ जुलै २००५ सगळ्यांना आठवतो. २७ जुलै २०१९ला तर नेरळच्या अलीकडे वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजारभर प्रवाशांना बोटींनी काढावं लागलं. जुलैच्या पुराचा निदान अंदाज तरी असतो, असं काका म्हणाले. त्यांची तक्रार ऑक्टोबरबद्दल होती.

जायचं असेल तर दसऱ्यानंतर जा, कापणी आणि झोडणी दोन्ही बघायला मिळतात. सीएसएमटीहून कर्जत किंवा खोपोली लोकल पकडून नेरळ, पुढे टमटम. टोपी, पाणी आणि सुटे पैसे जवळ ठेवा. खळ्यावर चपला घालून जाऊ नका. आणि परतीची टमटम अंधार पडायच्या आत गाठा.